आमचा श्रावण, त्यांचा भादो

"महीना कौन सा चल रहा है, दादा?" पडद्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं.

"श्रावण," काका जड जिभेनं म्हणाले.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आमची सिस्टर पुटपुटली, "राखी को कितने दिन हो गए. भादो चल रहा है."

मी तेव्हा भिलाईच्या एका लहान हॉस्पिटलात फिजिशियन होतो. मेंदूचे डॉक्टर, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट, आमच्याकडे नव्हते. ते रायपूरला बसत आणि ट्रॉलीवरच्या कॅमेऱ्यातून पेशंट बघत. डोळे त्यांचे, हात माझे. ते सांगत, मी पेशंटचा हात उचलून दाखवायचा, पाय उचलून दाखवायचा.

काका इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. डावी बाजू लुळी पडली होती. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येत होतं. पण ते साडेचार तासांच्या आतच. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जायचा. म्हणून हे नेमकं कधी झालं, तेच आधी विचारावं लागतं.

काकू लेकीकडे गोंदियाला गेलेल्या. भिलाईतल्याच रिसालीच्या घरात काका एकटेच. त्यांना घेऊन आलेल्या शेजाऱ्यानं त्यांना धडधाकट बघितलं होतं ते आदल्या संध्याकाळी. आता सगळी भिस्त काकांच्या शब्दावर.

"नातीच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल रंगवून राहिलो होतो," काका म्हणाले. "बाजूच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली, अन् बैल डाव्या हातातून पडला. उचलाले गेलो, त हातच उचलेना."

घंटेचा हिशेब धरला तर वेळ हातात होता. थोडाच, पण होता.

डॉक्टर म्हणाले, "जिसे महीना नहीं मालूम, उसकी घंटी पर मैं इंजेक्शन कैसे दूँ?"

मला राग आला. पण त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. काका माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, मी खोटं कावून बोलीन?"

आणि मला आमचं लहानपणीचं, प्लांटच्या सेक्टरमधलं क्वार्टर आठवलं. शेजारच्या तिवारी आंटींचे सावनचे सोमवार आटोपायचे, तरी माझ्या आईचे उपास चालूच. आंटी कुंपणावरून हसायच्या, "बहन, तुम्हारा सावन तो खत्म ही नहीं होता!" मला वाटायचं, आई दरवर्षी मागे पडते. मग आईच साबुदाण्याची उसळ माझ्या ताटलीत वाढत सांगायची, "त्यायचा महिना पुनवेले बदलते, आपला अमावस्येले. पोळ्यापर्यंत श्रावणच हाय." ती उसळ किती वर्षांत खाल्ली नाही!

"सर," मी कॅमेऱ्याकडे वळलो, "मराठी घर में पोला तक सावन ही रहता है. इनका जवाब सही है."

डॉक्टर कॅमेऱ्याजवळ सरकले.

"अंग्रेज़ी महीना पूछिए."

मी विचारलं.

"ऑगस्ट," काका म्हणाले. मग जरा चिडून, "परवा पोळा हाय. बैलाचं एक शिंग रंगवाचं राहिलं."

डॉक्टर हसले. "चलिए. शाळेत फोन करून घंटेची वेळ तेवढी पक्की करा," असं त्यांनी हिंदीत सांगितलं. वेळ जुळली. काकूंनी गोंदियाहून फोनवर होकार दिला आणि इंजेक्शन सुरू झालं.

संध्याकाळी काकांनी डाव्या हातानं माझं बोट धरलं. पकड कच्ची होती, पण होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लेकरांच्या तान्ह्या पोळ्याला, गोंदियाहून आलेली नात वॉर्डातच बैल घेऊन आली. एक शिंग कोरंच होतं.

त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला: पेशंटला महिना विचारायचा तो इंग्रजी विचारायचा.

घरी जाऊन मी तिवारी आंटींना फोन लावला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सगळं सांगितलं. आंटी म्हणाल्या, "अच्छा हुआ, बेटा, उसका सावन खत्म नहीं हुआ."