आईने धुतलेली खापरं

बाबा गेल्यावर आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे, ग्लासगोजवळच्या गावात राहायला आली. मी आणि नवरा दिवसभर वेगवेगळ्या खोल्यांत लॅपटॉपसमोर. आई किचनच्या खिडकीपाशी बसून मागच्या शेताकडे बघत राहायची. "इथे माणसं दिसतच नाहीत गं," एवढंच म्हणायची. बाबांचं नाव मात्र तिच्या तोंडून येत नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी शेतात खोदकामाचं पिवळं मशीन आलं. तिथे घरं होणार हे आम्हाला ठाऊक होतं. पण त्याआधी पुरातत्त्वाची टीम जमीन तपासणार होती, कारण त्या जागी फार जुनं चर्च होतं असं गावात बोललं जायचं. मशीन वरची माती अलगद खरवडायचं, लांबच लांब चर पडायचे, मग चार-पाच जण थाप्या घेऊन आत उतरायचे.

आई आधी कुंपणापाशी जाऊन उभी राहू लागली. मग थर्मासमधून आल्याचा चहा नेऊ लागली. टीमच्या प्रमुख बाई साधारण तिच्याच वयाच्या, केस पांढरे, बारीक कापलेले, गुडघे कायम चिखलाने माखलेले. आईचं इंग्रजी बेताचं आणि त्या बाईंचं ग्लासगोचं इंग्रजी मलाही अर्धंच कळायचं. तरी दोघींचं छान जमलं. एका दुपारी बघते तर आई शेतातल्या तंबूत खुर्ची टाकून बसलेली, पुढ्यात पाण्याचा टब, हातात टूथब्रश. खापरं धूत होती. हिरवट चकाकीच्या मडक्यांचे तुकडे, तंबाखू ओढायच्या जुन्या मातीच्या पाइपांच्या पांढऱ्या नळ्या.

"अगं, त्यांनीच विचारलं," ती म्हणाली. "सारख्या 'जेंटली, जेंटली' म्हणतात. मी तव्यासारखं घासत होते ना!"

कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

त्यानंतर नाश्ता उरकला की ती माझे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून निघायची. रात्री जेवताना तीच बोलायची, आम्ही ऐकायचो. आज भिंतीचा पाया लागला. चर्चभोवती गोल खंदक होता म्हणे. मातीचा रंग बदलला की समजायचं, इथे पूर्वी कोणीतरी खणलंय. नवरा म्हणायचा, "आई, आता तुम्हीच घ्या टीम हातात."

मग एका दुपारी ती मला बोलवायला आली. "मीटिंग राहू दे. चल."

शेवटच्या चरात दगडी फरशा उभ्या लावून केलेली दोन थडगी उघडी पडली होती, एकमेकांना लागून. एकावरची फरशी खचली होती, आत नुसती काळसर माती. इथल्या जमिनीत हाडं टिकत नाहीत, बाईंनी सांगितलं. मी आईला मराठीत सांगितलं.

"नवरा-बायको असतील का? विचार ना."

बाई म्हणाल्या, ते कळायला काही मार्ग नाही. आता फोटो काढायचे, मापं घ्यायची आणि पुन्हा झाकून टाकायचं.

"आणि घरं?" मी विचारलं.

"घरं जरा बाजूला सरकवा असंच आम्ही अहवालात लिहिणार."

आईने हात जोडले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बाबांचं सगळं मी गोदावरीत सोडून आले. बसायला कुठे जागाच ठेवली नाही." आणि ती रडली. बाबांच्या दहाव्यालाही न रडलेली माझी आई त्या चिखलात उभी राहून रडली. बाईंनी हातमोजा काढला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्या संध्याकाळी ती बाबांबद्दल बोलायला लागली आणि थांबेचना. त्यांचं घोरणं, त्यांचा स्कूटरचा हट्ट, लग्नानंतरचं पहिलं भांडण. मला यातलं निम्मं माहीतच नव्हतं.

आता तिथे घरं आहेत. थडग्यांचा तुकडा मोकळा सोडलाय, त्यावर गवत वाढलंय. आईला आता एवढा प्रवास झेपत नाही. रविवारी व्हिडिओ कॉलवर मी फोन तिकडे वळवते. मागच्या आठवड्यात तिथे दोन मुली रग पसरून सँडविच खात बसल्या होत्या.

"बसू देत," आई म्हणाली. "ऊन आहे का गं आज?"