प्लेटवरची काट

आज एका विद्यार्थिनीनं छापचित्राच्या जस्ताच्या प्लेटवरची शाई टर्पेंटाइननं पुसली आणि त्या वासानं मी थेट अंबाजोगाईच्या चित्रकलेच्या वर्गात जाऊन पोचले.

दुष्काळाचं वर्ष होतं. महिनाभर खपून मी प्लेटवर आबांचा, माझ्या वडिलांचा, चेहरा कोरला होता. दहा छाप निघाले तसे सर म्हणाले, "आता प्लेट कॅन्सल कर." मला काहीच कळेना. मग त्यांनीच सुई उचलली आणि आबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत खर्रकन रेघ ओढली. मी किंचाळलेच.

"ठरलेले छाप झाले की काट मारायची, म्हणजे पुन्हा कुणी छापत नाही," सर म्हणाले आणि पुरावा म्हणून त्यांनी त्या काटेसकट अकरावा छाप काढला.

तेवढ्यात मला न्यायला आबा आले. ओल्या कागदावरचा स्वतःचा चेहरा बघून ते जागीच थिजले. म्हशी विकलेल्यांच्या नावांवर गावच्या दूध सोसायटीनं फळ्यावर नुकतीच अशीच काट मारली होती. त्यात आबाही होते.

टोपी काढून ते म्हणाले, "कावून, सर? हितंबी आमचं नाव कापलं?"

मी खदखदून हसले. आज त्या रेघेपेक्षा माझ्या हसण्याचाच धक्का बसतो.

"मॅडम, प्लेट कॅन्सल करू?" विद्यार्थिनीनं सुई उचलत विचारलं.

प्लेटवर तिची आई होती.

"आधी घरी जाऊन तिला सांगून ये," मी म्हणाले.