काकूंचा मेन स्विच आणि माडीवरचं दरेकसा

लोकांकडे आधी घटना घडते, मग तिचा किस्सा होतो. आमच्याकडे आधी धूर निघतो! त्यामुळे किस्से इतके साचलेत की कुठून सुरू करावं हेच कळत नाही.

कुडव्यात रामटेके काकांच्या माडीवर आमचा मॉडेल ट्रेनचा अड्डा आहे. काका रेल्वेत लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले आणि नंतर कित्येक महिने ओट्यावर बसून नुसते रस्त्याकडे बघत राहिले. बोलणं बंद, जेवण कमी. मग मुलानं एक छोटं इंजिन आणून दिलं आणि काका पुन्हा माणसात आले. आता माडीवर त्यांच्या रोजच्या लाइनीवरचं अख्खं दरेकसा उभं आहे. डोंगर, बोगदा, छोटंसं स्टेशन, सगळं!

दुसरा मेंबर पाटले. त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि तोंडात एकच वाक्य, "काही नाही होत, मॅडम!" ही मॅडम म्हणजे मी, दातांची डॉक्टर. बारीक कामाला माझी हत्यारं उपयोगी पडतात म्हणून मला घेतलं.

आणि काकू. माडीचा मेन स्विच जिन्याच्या वरच्या टोकाला, खोलीच्या दाराशीच आहे. जरा कसला वास आला की काकू धावत येतात आणि स्विच पाडतात. विचारत नाहीत, थेट खट्!

* * *

या गाड्यांच्या रुळात करंट कायम असतो. इंजिनाच्या पोटात नखाएवढं सर्किट बसवतात, तो डिकोडर. प्रत्येक डिकोडरला नंबर असतो. रिमोटवर तो नंबर दाबला की तेवढंच इंजिन हुकूम ऐकतं. फक्त डिकोडर त्या इंजिनाला बसणारा हवा.

आम्ही मागवलेला पहिलाच डिकोडर बसेना. इंजिनात भोकं आठ आणि डिकोडरला पिना सोळा! मी म्हटलं, परत पाठवू. काका म्हणाले, बदलून घेऊ. तोवर पाटलेनं पक्कड काढली.

"काही नाही होत, मॅडम. जास्तीच्या कापून टाकू."

आणि कापल्या की हो! मी आयुष्यभर दात उपटले, पण इतक्या शांतपणे कधीच नाही. आधी एक्स-रे तरी काढते!

उरलेल्या आठ पिना त्यानं भोकांत दाबल्या. करंट दिला. फुस्स! जिन्यात खट्! काकू दारात उभ्या.

"काऊन जी, काय जळून राहिलं?"

"काही नाही, काकू," पाटले म्हणाला, "नवीन सामानाचा वास आहे."

* * *

पुढचा धक्का तर काकांनाच बसला. कारखान्यातून नवा डिकोडर येतो तेव्हा त्याचा नंबर तीन असतो. तो आपण बदलायचा असतो. हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्या दिवशी काकांनी नवं इंजिन आणलं, मीही आणलं, आणि आनंदाच्या भरात दोन्ही तशीच एकाच रुळावर समोरासमोर ठेवली.

काकांनी ऐटीत तीन नंबर दाबला. दोन्ही इंजिनं निघाली! काकांनी घाबरून बटण दाबलं, ते नेमकं स्पीड वाढवायचं. बोगद्याच्या तोंडाशी धाडकन समोरासमोर टक्कर!

काका पांढरे पडले. या माणसानं अख्ख्या नोकरीत एक लाल सिग्नल ओलांडला नव्हता हो. डोक्याला हात लावून खाली बसले आणि एकदम कडक आवाजात म्हणाले, "ड्यूटीवर कोण होतं?"

"तुम्हीच होते, काका."

"मग मी सस्पेंड."

आम्हाला वाटलं मस्करी आहे. छे! पुढचा आठवडाभर त्यांनी रिमोटला हात लावला नाही. हाताची घडी घालून स्टुलावर बसायचे आणि आम्ही गाडी चालवली की "च्च, च्च" करायचे.

* * *

दिवाळीला काकूंनी माडी झाडून काढली. आम्ही वर गेलो तर रूळ लखलखत होते! काकूंनी भांडी घासायच्या तारेच्या घासणीनं घासले होते. त्या घासणीचे केसाएवढे तुकडे सगळ्या रुळावर पडलेले, आणि मोटरच्या चुंबकानं ते वेचून पोटात घेतले. प्रत्येक इंजिन शॉर्ट!

पाटले बोलायला तोंड उघडत होता, तर काकांनी त्याचा पाय दाबला.

"काय चकाचक केलंस गं!" काका म्हणाले.

नवरा कसा असावा, हे मला तेव्हा कळलं. मग आम्ही दोन रविवार चिमट्यानं तारा वेचत बसलो.

* * *

वाफेच्या इंजिनाच्या जुन्या मॉडेलचा किस्सा मात्र हसण्यावारी गेला नाही. असल्या इंजिनात डिकोडर बसवायचा तर मोटर बॉडीपासून पूर्ण वेगळी करावी लागते, नाहीतर डिकोडर जळतो. पाटलेनं एक टेप लावली आणि म्हणाला, "काही नाही होत."

त्या दिवशी तिरोड्याहून काकांचे साडू सहकुटुंब आले होते. इंजिन निघालं, आणि चिमणीतून झुळझुळ पांढरा धूर! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. "वा, काय सुंदर धूर सोडलाय!"

पाटले माझ्या कानाशी आला. "मॅडम, यात धुराचं मशीन नाही."

माझ्या टाळ्या हवेतच थांबल्या. तोवर ठिणगी उडून खिडकीच्या पडद्यानं पेट घेतला होता. साडूंनी पाण्याचा जग ओतला म्हणून वाचलो.

त्या दिवशी काकू ओरडल्या नाहीत. पायरीवर बसून रडल्या. मला फार वाईट वाटलं, स्वतःची लाजही वाटली.

"पुरे झालं," त्या म्हणाल्या. "एक दिवस तुम्ही घर पेटवाल. बिरसीच्या विमान चालवायच्या शाळेतल्या दोन पोरी खोली पाहून राहिल्या. देऊन टाकतो मी."

काका खाली जाऊन ओट्यावर बसले आणि रस्त्याकडे बघू लागले. पुन्हा तोच ओटा!

काकूंनीही ते पाहिलं असणार. संध्याकाळी म्हणाल्या, "रविवारी पोरी येतील. त्यांच्यासमोर गाडीनं एक चक्कर पुरी मारली त खोली तुमची. मधात कुठंही थांबली, त गाडी पेटीत."

* * *

आमची गाडी बोगद्यात हमखास अडखळायची. तिथे रूळ पुसायला हातच पोचत नाही, मग धुळीनं करंट तुटतो. म्हणून पाटलेनं इंजिनामागच्या डब्यात करंट साठवणारे कॅपॅसिटर बसवले. रुळातून क्षणभर करंट आला नाही तरी इंजिन पुढे जावं, एवढाच हेतू. या वेळी त्यानं सगळं चारदा तपासलं आणि "काही नाही होत" एकदाही म्हणाला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली!

रविवारी पोरी आल्या. काकू दारात उभ्या, हात स्विचवर. काकांनी युनिफॉर्मसारखा पांढरा शर्ट घातलेला. अंगठा रिमोटच्या बटणावर.

गाडी निघाली. स्टेशन सोडलं, वळण घेतलं, पूल ओलांडला. बोगद्यात शिरली आणि जळका वास आला.

खट्!

पंखा थांबला. वायरनं जोडलेला रिमोट विझला. काकांनी डोळे मिटले. पाटले भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. संपलं, मी मनात म्हटलं.

आणि बोगद्यातून उजेड आला.

दिवा लावून इंजिन बाहेर आलं! मागे सगळे डबे! रुळात करंटचा थेंब नाही आणि गाडी शांतपणे डोंगर उतरतेय! आमच्या तोंडाचा आ तसाच. गाडी स्टेशनात आली, कॅपॅसिटरमधला करंट संपत आला तशी हळू झाली आणि बरोबर प्लॅटफॉर्मला उभी राहिली.

काकूंनी स्विचकडे पाहिलं. गाडीकडे पाहिलं. पुन्हा स्विचकडे.

"मी त बंद केला होता ना जी?"

वास अजून येतच होता. काकांनी नाक वर केलं.

"हा डिकोडर नाही. डिकोडरचा वास मला पाठ आहे. हा भात आहे!"

"अगं बाई, माझा भात!" काकू धडाधडा जिना उतरल्या.

पोरी बिचाऱ्या गोंधळून उभ्या. त्यातली एक जिन्यात वाकून म्हणाली, "आंटी, रूम का क्या?"

खालून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काकूंचा.

"रूम कायची? तिथं गाडी उभी हाय, दिसत नाही का!"