निशाणी एक, निशाणी दोन आणि पाण्याची टाकी

माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, हे मी मुलाला लेखी कळवले आहे. एकदा नव्हे, दोनदा!

वादाचे कारण क्षुल्लक होते. नादुरुस्त मिक्सर विकणाऱ्या दुकानदाराविरुद्ध मी ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. तिच्या सुनावणीसाठी आळंदहून कलबुर्गीला निघालो आणि अफजलपूरच्या बसमध्ये बसलो. (कन्नड पाटी मला वाचता येते. त्या दिवशी वाचली नाही, इतकेच.) बिदरला नोकरीस असलेल्या मुलाने फोनवरून हुकूम काढला: अप्पांनी यापुढे एकट्याने प्रवास करायचा नाही. पाठोपाठ गोळ्यांच्या दोन बाटल्या आल्या. एक मेंदूसाठी, दुसरी शरीरातील पेशींच्या ऊर्जेसाठी.

न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस पुराव्याशिवाय गोळी गिळत नाही. मी तुलनात्मक चाचणी योजली. मेंदूची गोळी मी घ्यायची, ऊर्जेची पत्नीने. दिवसभराच्या कामांची वहीत नोंद, खाली सही. जाहिरातीचा मनावर परिणाम नको, म्हणून दोन्ही बाटल्यांवर जाड कागद डकवला: निशाणी एक, निशाणी दोन. कोणत्या निशाणीत काय, हे लिहून ठेवण्याची गरज नव्हती. माझ्या लक्षात होते!

पंधराव्या दिवशी मी गच्चीवरची टाकी घासत असताना पत्नी जिन्यात येऊन उभी राहिली.

"आता पुन्ना कामून धुवायलाव?"

"घाण झाली आहे म्हणून."

"सकाळीच धुतलाव की. वहीत सही बी केलाव."

वही पाहिली. सही माझीच होती.

संतापाने दोन्ही बाटल्या बादलीत बुडवून कागद सोलले. पंधरा दिवस ऊर्जेची गोळी मी खात होतो आणि मेंदूची ती! (आमच्या लग्नात कोण कशावरून रुसले, हे तिला आधीपासूनच पाठ आहे, पण तो पुरावा माझ्याविरुद्ध जाईल, म्हणून दाखल केला नाही.)

तरी मी हटलो नाही. मेंदूची एकही गोळी न घेता पंधरा दिवस निभावले, अर्थात मेंदू सक्षम आहे; सबब प्रवासबंदी उठवावी, असे चार पानी पत्र दोन आठवड्यांनी मुलाला लिहिले आणि साक्षीदाराच्या सहीसाठी तिच्यापुढे ठेवले.

"अवो, ह्येच पत्र गेल्या सोमवारी धाडलाव. त्याचं उत्तर बी आलंय. तुमीच फायलीत लावलाव."

उत्तर एका ओळीचे होते: आईला सोबत न्या.

दुसरे पत्रही मी स्पीड पोस्टाने पाठवलेच. प्रश्न तत्त्वाचा होता!

आता सुनावणीला आम्ही दोघे जातो. तारीख तिच्या लक्षात असते, बसची पाटी ती वाचते. पुराव्याचा मिक्सर आणि तीन जाडजूड फायली मात्र बसमध्ये उभ्याने मीच वाहून नेतो. पेशींच्या ऊर्जेबाबत माझी काहीही तक्रार नाही.