खंजिरी कोणी काढली?

गोरक्ष देवरे माझ्या घरी चहा पितो तोसुद्धा आधी वास घेऊन. बेचाळीस वर्षांची दोस्ती, तरी कप नाकाशी नेणार, खिडकीच्या उजेडात धरणार, मग एक घोट. माझी सून आता रागवत नाही. ती सरळ विचारते, "काका, पास का नापास?" आणि हा गंभीर तोंडानं सांगतो, "पास. पण कालच्यापेक्षा पातळ."

त्याचा तरी काय दोष? नाशिक रोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं त्यानं छापलेले नोटांचे कागद तपासले. मी पॅकिंगला होतो. आम्ही दोघं सटाण्याकडचे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत डबे एकत्र उघडायचे. समोर अख्खा कागद आला की आम्हाला नोटा दिसायच्या, त्याला फक्त चूक दिसायची. रेघ तुटलीय, रंग केसभर सरकलाय, आकड्याच्या पोटात शाई भरलीय. नवीन माणूस शिकायला आला की गोरक्षची एक पद्धत होती. एकच गठ्ठा आधी त्यानं बघायचा, मग नव्या माणसानं, आणि सापडलेल्या चुका दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहायच्या. शेवटी चिठ्ठ्या जुळवायच्या. चिठ्ठी लपवायची नाही, बदलायची नाही. "माणूस खोटं बोलंल, चिठ्ठी बोलणार नाय," म्हणायचा.

रिटायर झाल्यावर तपासायला कागद उरले नाहीत. मग दूध आलं, कांदे आले, गॅसची टाकी आली. मागच्या थंडीत त्याला ताप आला तर मेडिकलमधून ते काखेत धरायचं, बॅटरीचं थर्मामीटर आणलं. ते वाजलं नाही म्हणून परत केलं. दुसरं आणलं, तेही वाजलं नाही. भर दुकानात "डुप्लिकेट माल ठेवतोस" म्हणून भांडून आला. तिसरं आलं तेव्हा यशोदाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते काढूनच घेतलं. "राहू द्या, आकडा मी बघत जाईन."

पण मला सांगायचंय ते गाण्याचं.

प्रेसमध्ये लागून दोनच वर्षं झाली असतील. देवळाली कॅम्पात एका कुटुंबाचं सामान विकायला निघालं होतं. आम्ही गेलो होतो लोखंडी कपाटासाठी. गोरक्ष तिथं एक तबकडी उचलून उभा. वरच्या चित्रात हिरव्या खुर्चीत बसलेली एक काळी बाई. मी म्हटलं, घरात ग्रामोफोन नाही आणि हे काय करणार? तो म्हणाला, "छपाई बघ. हिरवा संपतो तिथंच पिवळा सुरू होतो. एवढा स्वच्छ कागद मी आपल्याकडंसुद्धा पाहिला नाय." घेतली. छपाईसाठी घेतली बरं का! ग्रामोफोन आला वर्षभरानं.

ते गाणं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं. त्यांच्या चर्चमधल्या भजनातून निघालेलं, पण संसाराबद्दल. त्याला सोल म्हणतात हे पुढं माझ्या नातीनं, वेदिकानं सांगितलं. शब्द आम्हाला कशाला कळतील? आमच्या गावच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर आठवड्यातून दोनदा सायकलवर येणार, तेही चाकात हवा असली तर. पण गोरक्ष डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "बाई काय म्हणते ते माहीत नाय. पण खोटं बोलत नाय." त्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कुणाचं ऐकलेलं नाही. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला खंजिरी वाजते. बाईच्या आधी नुसती खंजिरी, छन छन, कुणी अंगण ओलांडून आपल्याकडं येतंय अशी. ती त्याची फार लाडकी.

तबकडी झिजली. मग त्यानं मुंबईहून त्याच गाण्यांची सीडी आणली. काही वर्षांनी दुसरी निघाली, तीच गाणी पण नव्यानं साफसूफ केलेली. त्याला रीमास्टर म्हणतात. आता गोरक्षला "नव्यानं" हा शब्द ऐकला की खाज सुटते. चौकोनी रेघांची वही घेतली, आत लिहिलं 'परीक्षक: गो. रा. देवरे', आणि वीस-वीस सेकंदांचे तुकडे करून जुनी आणि नवी शेजारी शेजारी ऐकली. निकाल? "नवीत सगळं एका उंचीवर आणलंय. बाई कुजबुजते तिथंसुद्धा ओरडते. नापास." पुढं सीडीचा प्लेअर बंद पडला आणि दोन-तीन वर्षं हे खूळही बंद पडलं.

मध्यंतरी वेदिकाला त्या बाईचं गाणं ऐकायचं होतं. मी गोरक्षकडून जुनी सीडी मागून आणली. देताना त्यानं भिंग लावून सीडीच्या आतल्या कड्यावरचा बारीक नंबर वहीत उतरवून घेतला. मी हसलो. वेदिकानं ती कॉम्प्युटरवर उतरवली, एक कॉपी काढली, चार दिवसांत सीडी परत.

या दिवाळीला त्याच्या पुतण्यानं अमेरिकेहून तिसरी आवृत्ती आणली. मूळ टेपवरून केलेली म्हणे, आणि सोबत नवा प्लेअर. गोरक्षनं लावली. खंजिरी नाही! गडी खूश झाला हो. म्हणाला, "बघितलंस, साफ करता करता खंजिरीच पुसली." मग वहीत पक्कं लिहायचं म्हणून जुनी लावली.

जुनीतही खंजिरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतल्या आमच्या रोजच्या बाकावर तो आला नाही. मी घरी गेलो तर दार अर्धंच उघडलं.

"लहानू, नंबर बरोबर हाय. भिंगानं बघितला. पण आवाज तो नाय."

"म्हणजे?"

"ते तू सांग. तुझ्याकडं चार दिवस होती. कॉम्प्युटरनं काढून घेतली खंजिरी."

"अरे, कॉम्प्युटर काय पंप आहे का ओढून घ्यायला?"

"ती खंजिरी परत आण. तोपर्यंत या दारात येऊ नको."

आणि दार लावलं. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मी हसत हसत जिना उतरलो, पण घरी येईस्तोवर माझ्याही मनात किडा. पोरं आजकाल काय काय करतात. वेदिकाला विचारलं, "खरं सांग, त्या सीडीला काही केलंस?" ती इतकी चिडली! "आजोबा, सीडीवरचं कमी नाही होत! तुम्ही पण माझ्यावर संशय घेता?" तिनं कॉपी लावून दाखवली. खंजिरी छन छन वाजतेय, जशीच्या तशी. मग मूळ सीडीतून गेली कुठं?

तीन दिवस मी बाकावर एकटा बसलो. कबुतरांशी किती बोलणार? चौथ्या दिवशी त्याच्या दारात उभा राहिलो आणि ओरडून म्हणालो, "चिठ्ठ्या कर! तुझी पद्धत, तुझं घर, तुझा प्लेअर."

याला तो नाही म्हणू शकत नव्हता.

तिन्ही सीड्या यशोदाबाईंकडं दिल्या. कपाटाचं दार आडवं धरून त्या प्लेअरपाशी बसल्या, कुठली लावतात ते आम्हाला दिसू नये म्हणून. आम्ही दोघं पाठीला पाठ लावून, हातात चिठ्ठी. पहिली लागली. छन छन, स्पष्ट. मी लिहिलं, आहे. दुसरी. आहे. तिसरी लागली आणि मी मान वळवून चोरून पाहिलं. गोरक्ष डोळे मिटून, मान पुढं काढून ऐकत होता. खंजिरी वाजत होती आणि त्याचा चेहरा वाट बघत होता.

माझी चिठ्ठी मी मुठीत चुरगाळली.

"दाखव," तो म्हणाला.

"राहू दे रे. चहा घेऊ."

"चिठ्ठी लपवायची नाय, लहानू."

त्यानं माझी मूठ उघडली. त्याच्या चिठ्ठीवर तीनदा 'नाही', माझ्या चिठ्ठीवर तीनदा 'आहे'. तो एकदा माझ्याकडं बघे, एकदा कपाटाकडं.

"अहो, मघापासून वाजतीय की ती," यशोदाबाई कपाटामागून म्हणाल्या.

"असं. तुम्ही दोघं ठरवून बसलाय. काय भानगड शे ही?" चिडला की त्याची अहिराणी बाहेर येते.

यशोदाबाई उठून आत गेल्या, थर्मामीटर आणलं आणि त्याच्या काखेत दिलं. तोही का कोण जाणे, मुकाट बसला. मिनिटभरानं ते वाजलं. मी तिकडं पाहिलं, यशोदाबाईंनी पाहिलं. गोरक्ष समोरच्या कॅलेंडरकडं बघत तसाच बसलेला.

आमची तोंडं बघून त्यानं हळू विचारलं, "वाजलं?"

"हो," यशोदाबाई म्हणाल्या. "मला वाटायचं तापात तुमचं लक्ष नसतं."

"आत्ता कितीदा वाजलं?"

"चारदा."

त्यानं थर्मामीटर काढलं, आकडा वाचला. "ताप नाय," म्हणाला. मग वही ओढली, पहिलं पान काढलं आणि 'परीक्षक' शब्दावर लाल पेन्सिलीनं फुली मारली. हात अगदी सरळ, प्रेसमध्ये चुकलेल्या कागदावर मारायचा तशी.

मी म्हटलं, "अरे, बारीक आवाज तेवढे गेलेत. बाई ऐकू येते ना?"

"बाई येते."

"मग?"

"वेदिकाला फोन लाव," तो म्हणाला. "माफी मला मागायचीय. तू मधी बोलू नको."

आता कानाचं मशीन घ्यायचं ठरलं. तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. अहो, कॉलेज रोडच्या त्या दुकानातल्या आरोहीताईंना विचारा! गोरक्ष तिथं प्लेअर आणि तिन्ही सीड्या घेऊन गेला. पहिलं मशीन कानात घालून म्हणाला, "हे रीमास्टर हाय. सगळं ओरडतं. नापास." दुसऱ्यानं म्हणे बाईचा श्वासच खाल्ला. आरोहीताई बटणं फिरवून फिरवून दमल्या. चौथ्या खेपेला त्यांनी काहीतरी बसवलं आणि गाणं लावलं.

गोरक्षचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. छन छन. त्याच्या बोटांनी हवेत ठेका धरला. मी तोंड फिरवून दुकानाबाहेरच्या रिक्षा बघू लागलो.

पण सुखानं ऐकेल तर तो गोरक्ष कसला? डोळे बारीक करून मला म्हणाला, "आधी एवढीच होती का? का मशीन पदरचं घालतंय?" आणि खिशातून दोन चिठ्ठ्या काढल्या. बाई गायला लागेपर्यंत खंजिरी किती वेळा वाजते ते दोघांनी मोजायचं. पाठीला पाठ. मोजलं, लिहिलं, जुळवलं.

माझ्या चिठ्ठीवर सतरा. त्याच्या चिठ्ठीवर एकोणीस.

आरोहीताईंनी कॉम्प्युटरवर उमटलेल्या आवाजाच्या रेघा मोजल्या आणि म्हणाल्या, "एकोणीस."

गोरक्षनं माझ्याकडं असं काही बघितलं, चौतीस वर्षं कागदाकडं बघायचा तसं. मग माझं मनगट धरलं, मला उठवलं आणि कान तपासायच्या खुर्चीत बसवलं.

"ताई, ह्यालापण तपासा. मला आधीपासून संशय होता."