गोळा मिळाल्याशिवाय गाडी नाही

बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, तेव्हा जबलपूरच्या हाऊबाग स्टेशनातून सुटणारी अरुंद रुळांची छोटी लाइन उखडून काही वर्षं झाली होती. बाबांची सगळी नोकरी त्या लाइनवर इंजिन चालवण्यात गेली. जबलपूरहून नैनपूर, तिथून पुढे गोंदियाकडे, जंगलातून आणि नाल्यांवरून. डॉक्टर म्हणाले, आधी बाजूचं दिसेनासं होतं, मग मधलं, आणि गेलेलं परत येत नाही. ऑटोत बसल्यावर बाबा मला म्हणाले, "एक बार आपली लाइन पाहायला भेटली असती तर बरं झालं असतं."

म्हणून मी रेल्वे चालवायचा तो खेळ घरच्या कॉम्प्युटरवर आणला. मला खेळांची काडीची हौस नाही. पण त्यात खऱ्याखुऱ्या लाइनी असतात आणि खेड्यापाड्यांतले नवे मार्ग येत राहतात, असं सदर बाजारातल्या आमच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं. एवढ्या गावांच्या लाइनी करतात, मग आमचीच काय म्हणून नाही करणार? भाबडेपणा म्हणा हवं तर.

तोवर बाबांनी इंग्लंडातली एक एकेरी लाइन चालवायला घेतली. कुरणं, मेंढ्या, रंग नुकताच दिल्यासारखी स्टेशनं. पहिल्याच स्टेशनात गाडी उभी केली ती काढेचनात. सिग्नल हिरवा, उशीर झाल्याची लाल अक्षरं पडद्यावर नाचताहेत आणि हे हाताची घडी घालून बसलेले.

"बाबा, काढा ना गाडी."

"काहून काढू? गोळा कुठं भेटला?"

एकेरी लाइनवर समोरून दुसरी गाडी येऊ नये म्हणून स्टेशन मास्तर ड्रायव्हरला एक लोखंडी गोळा देत, मोठ्या कड्याला अडकवलेला. तो हाती आल्याशिवाय गाडी काढायची नाही, आणि अख्खी गाडी पुढच्या स्टेशनात आल्याशिवाय तो जमा करायचा नाही. खेळ बनवणाऱ्यांना याचं काय पडलंय! मी समजावलं, चिडले, शेवटी आईची भरतकामाची मोठी रिंग आणून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती झोकात कोपरापर्यंत चढवली आणि गाडी हलली.

"माझी रिंग घेऊन विलायतेला चालले काय जी?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. त्या दिवशी आम्ही तिघंही खूप हसलो.

तेव्हापासून संध्याकाळी ऑफिसातून घरी आले की मी स्टेशन मास्तर. बाबांना समोरचे रूळ दिसत, कडेचे सिग्नल दिसत नसत. ते मी सांगायची. मी "हिरवा" म्हटलं की त्यांनीही "हिरवा" म्हणायचं. इंजिनात दोघांनी असं एकमेकांना बोलून दाखवायचा नियमच असतो. खेळ संपला की त्यांचा एकच प्रश्न, "आली काय आपली लाइन?"

मी कंपनीला लिहिलं. खेळणाऱ्यांच्या चर्चेतही लिहिलं. तिथे एकाने विचारलं, जी लाइन आता जमिनीवरच नाही ती विकत कोण घेणार? मी त्याला चांगलं झणझणीत उत्तर लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणूनच मला एवढा राग आला होता.

मग एकदा कंपनीने कळवलं, नवे ग्रामीण मार्ग येताहेत, त्यात एक छोट्या रुळांचा, डोंगराळ भागातला. देश सांगितला नव्हता. घरात दुसरा विषय उरला नाही. नावं जाहीर व्हायची त्या संध्याकाळी बाबा दाढी करून, धुतलेला शर्ट घालून, हातात रिंग चढवून कॉम्प्युटरपुढे बसले. दाढी गालाच्या कडेला तशीच राहिली होती.

नावं आली. डोंगर होते, छोटे रूळ होते, बर्फसुद्धा होतं. आमचं काहीच नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद करून टाकला.

"आली?"

"नाही बाबा. या खेपेला नाही."

बाबांनी रिंग काढली आणि माझ्यासमोर धरली. माझ्यासमोर म्हणजे माझ्यापासून बरंच डावीकडे, जिथे मी नव्हते.

"घे. जमा करून टाक. चलो, झालं."

मला कंपनीचा राग आला, त्या डोळ्यांचा आला, बाबांचाही आला. रिंग घेतली तर ते पुन्हा कधी विचारणार नाहीत, हे मला कळत होतं.

"अशी कशी घेऊ? गाडी कुठं आली अजून?"

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी रिंग हळूहळू पुन्हा कोपरावर चढवली आणि काळ्या पडद्याकडे तोंड करून बसले.

"सिग्नल काय आहे?" त्यांनी विचारलं.

पडदा बंद आहे, हे त्यांना कळलंच नव्हतं. आता मधलंही जायला लागलं होतं.

"लाल," मी म्हणाले.

"लाल," बाबा म्हणाले, आणि गाडी थांबवून बसून राहिले.