कॅरिअरवरची गोपिका

खापरखेड्याच्या वीजघरात पंपावर काम करणारे रुपराव भोंगाडे लांब पल्ल्याची सायकल चालवायला लागले, तेव्हा कॉलनीतल्या निम्म्या लोकांना वाटलं, की या माणसाच्या छातीतला आजार आता डोक्यात चढला. ही गोष्ट १९७४-७५ची. सायकल तेव्हा ड्यूटीवर जायला, दळण आणायला, फार तर सासुरवाडीला जायला असायची. तिच्यावर बसून उन्हातान्हात चाळीस किलोमीटर जायचं आणि काहीही न आणता हात हलवत परत यायचं, हे शहाण्या माणसाचं लक्षण कोणीच समजत नसे.

पण रुपरावांना कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना टीबी झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात महिनोन्महिने खाट धरून, सुयांनी कमरेची चाळणी करून घेऊन आणि मूठमूठ गोळ्या गिळून ते घरी आले. "आता तुम्ही ठणठणीत," असं डॉक्टरांनी सांगितलं. रुपरावांच्या कानांनी ते ऐकलं, मनाने काही ऐकलं नाही. जिना चढले की दम लागतो का ते पाहायचे. खोकला आला की रुमाल उघडून पाहायचे. शेजारी चांगले होते, विचारपूस करायचे, पण दाराबाहेर उभं राहून. आपण खरंच बरे झालो की नुसते तात्पुरते उभे आहोत, एवढी एकच गोष्ट त्यांना जाणून घ्यायची होती. डॉक्टरांच्या तोंडी शब्दावर त्यांचं समाधान होत नव्हतं.

मोकळ्या हवेत फिरा, असा सल्ला मिळाला म्हणून त्यांनी सायकल बाहेर काढली. पहिल्या दिवशी कोलार नदीच्या पुलापर्यंत गेले आणि कठड्याला टेकून धापा टाकत बसले. मग हळूहळू पुलाच्या पलीकडे गेले. पावसाळा सरता सरता कोराडीच्या देवीपर्यंत जाऊन यायला लागले. त्यात त्यांना गोडी लागली. पॅडल मारताना छाती फुगते आणि रिकामी होते, आणि काही होत नाही, याचंच त्यांना फार अप्रूप वाटायचं.

नवी चेन टाकायला ते एकदा धरमपेठेतल्या सायकलच्या दुकानात गेले, तिथे त्यांना आनंदराव भेटले. आनंदराव बँकेत होते. पन्नाशीला आलेला हा गृहस्थ रविवारी अर्धी चड्डी घालून गावभर हिंडायचा आणि त्याची त्याला जराही लाज वाटायची नाही. त्यांनी पाच-पंचवीस हौशी लोक जमवून सायकल मंडळ काढलं होतं. जानेवारीत मंडळाची मोठी फेरी होती. अमरावतीच्या रस्त्याने तळेगावपर्यंत जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं, म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर.

"शर्यत नाही बरं का," आनंदराव म्हणाले. "कोणाला हरवायचं नाही. झुंजुमुंजू झालं की निघायचं आणि दिवेलागणीच्या आत परत यायचं. जो आला तो जिंकला."

रुपरावांच्या डोक्यात ते एकदम पक्कं बसलं. छातीत काही खोट उरली असेल, तर ती दोनशे किलोमीटर लपून राहणार नाही. आणि नसेल, तर पुन्हा आयुष्यात रुमाल उघडून पाहायचा नाही.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. गोपिका तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"जा नं," ती म्हणाली. "पण मलेबी घेऊन जा."

"कुठं?"

"तुम्ही जिथं जाल तिथं. सहा दिवस तुमची ड्यूटी, सातव्या दिवशी तुमची सायकल. म्या काय भिंतीशी बोलाचं?"

अशी ही तयारी सुरू झाली. मंडळातले लोक सायकल हलकी व्हावी म्हणून मडगार्ड काढत होते, स्टँड काढत होते, एकाने तर घंटीसुद्धा काढली. रुपरावांनी मात्र कॅरिअरवर जुन्या गोधडीची घडी बांधली आणि तिच्यावर बायको बसवली. गोपिका एका अंगाने बसायची, मांडीवर भाकरी, झुणका आणि कांद्याची पिशवी, हातात पाण्याची बाटली. आनंदरावांनी तो थाट पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते रस्त्यातच सायकलवरून उतरले.

"रुपराव, तयारी करून राहिले का वरात काढून राहिले?"

"वजन घेऊन चढ चढतो साहेब," रुपराव ऐटीत म्हणाले. "त्या दिवशी वजन नसन. मंग पाहा तुम्ही, उडतच जातो का नाही."

हा हिशेब त्यांना इतका बिनतोड वाटला, की त्यांनी तो वीजघरातल्या निम्म्या लोकांना ऐकवला. पुढे तो त्यांना चांगलाच महागात पडला.

गोपिका मागे बसून गप्प राहील अशी बाई नव्हती. "पाणी प्या आता." "तहान नाही मले." "तहान लागाच्या आंधीच पेत असतेत." "त्या ट्रकवाल्याच्या मांगं काहून लागून राहिले? जाऊ द्या त्याले, त्याच्या घरी घाई असन." "चढ आला, हळू घ्या." "थांबा त्या झाडाखाली, दोन घास खाऊन घ्या." रस्ताभर हेच चालायचं. रुपराव कधीकधी वैतागायचे.

"सायकल मी चालवून राहिलो का तू?"

"तुम्ही पाय चालवा, मी तोंड चालवते. दोघायलेबी काम पायजे नं."

कोराडी झाली, आदासा झालं, पाटणसावंगी-सावनेर झालं. परतताना गोपिकेचा पाय इतका बधिर व्हायचा, की घरासमोर उतरल्यावर ती भिंत धरून उभी राहायची. पण पुढच्या रविवारी पिशवी भरून दारात तयार. नवऱ्याबरोबर हिंडायची हौस आहे बिचारीला, असं रुपराव समजायचे आणि मनातून सुखावायचे.

डिसेंबरात ते रामटेकला गेले. अंबाळ्याच्या तळ्याकाठी भाकरीची पिशवी सोडून बसले असताना रुपरावांनी सहज थट्टा केली.

"चढावर तुले झोप कशी येते वं? चढ लागला का माह्या पाठीवर डोकं टाकून देते."

"झोपत नाही मी," गोपिका म्हणाली. "कान लावते. छातीत घरघर येते का, थे ऐकते."

रुपरावांनी हातातला घास खाली ठेवला.

"कवापासून?"

"पयल्या रविवारपासून. नाहीतर त्या लोखंडावर बसाची कोणाले हौस हाये?"

तिने ते सरळ सांगून टाकलं, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. रुपरावांना मात्र ते फार लागलं. सगळी कॉलनी दाराबाहेर उभी राहते ते त्यांनी गिळलं होतं. पण ही घरातली, आपल्या ताटात जेवणारी, हीसुद्धा आपल्याला रोगीच समजते!

"म्हंजे तू बी मले बीमारच समजून राहिली," ते म्हणाले.

"मी कुठं म्हनलं तसं? मी तं फक्त ऐकून राहिली."

"नको ऐकू."

रामटेकहून खापरखेड्यापर्यंत दोघं एक शब्द बोलले नाहीत. घरी पोचल्यावर रुपरावांनी पाना घेतला आणि कॅरिअरच काढून कोपऱ्यात फेकलं. उरलेले रविवार ते एकटे गेले. गोपिकेने वाद घातला नाही, भाकरी मात्र बांधून द्यायची.

फेरीचा दिवस उजाडला तो कडाक्याच्या थंडीचा. गोपिकेची मावसबहीण यमुताई धरमपेठेत राहायची. आदल्या संध्याकाळी दोघं तिच्याकडे मुक्कामाला आली होती. चौकातल्या पानठेल्यासमोरून सगळे निघाले. रुपरावांनी पॅडल मारलं आणि सायकल पायाखालून पळतेय असं त्यांना वाटलं. मागे वजन नाही, कानामागे कटकट नाही. वाडी गेली, बाजारगाव गेलं. मंडळातल्या पोरसवद्या गड्यांना मागे टाकत ते निघाले तेव्हा त्यांना हसू आवरेना. कोंढाळीला बाकीचे चहाला थांबले. रुपराव थांबले नाहीत. पाण्याची बाटली भरलेली तशीच राहिली आणि भाकरी पिशवीत. तळेगावला ते सगळ्यांच्या आधी पोचले. आनंदराव मागून आले, तर हे सायकल वळवून उभेच.

"अहो, खाऊन घ्या दोन घास," आनंदराव म्हणाले.

"परत गेल्यावर खातो साहेब," असं म्हणून रुपराव निघालेसुद्धा.

कारंजा ओलांडल्यावर चढ लागला आणि तिथे त्यांचे पाय संपले. दुसरा शब्द नाही त्याला. पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. सायकल हातात धरून ते चालले, मग चालवेना तेव्हा पळसाच्या झाडाखाली बसले. एकेक गडी हात हलवत पुढे गेला. शेवटी आनंदराव थांबले. रुपरावांनी त्यांनाही "येतो मी, चला तुम्ही," म्हणून पुढे पाठवलं. ते दिसेनासे झाल्यावर खोकल्याची उबळ आली. थांबेचना. त्यांनी रुमाल उघडून पाहिला. रस्त्याची धूळ आणि थुंकी, बाकी काही नव्हतं.

तरी खात्री होईना. त्यांनी श्वास धरून आतला आवाज ऐकायचा प्रयत्न केला. पण धडधडच इतकी होती, की दुसरं काही ऐकू येईना. माणसाला स्वतःच्या पाठीला स्वतःचा कान लावता येत नाही. त्याला दुसरं माणूस लागतं.

हे लक्षात आलं आणि रुपराव तिथे झाडाखाली रडले. आपली भीती आपण रुमालात बांधून एकट्याने वागवतोय, असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. तिची भीती त्यांच्याहून काडीची कमी नव्हती. पण ती भीती घेऊन ती घरात बसली नाही. बधिर पायाने, दर रविवारी, खड्ड्याखड्ड्यांतून ती मागे बसून आली. रोगी समजणारं माणूस दाराबाहेर उभं राहतं, पाठीला कान लावत नाही. एवढी साधी गोष्ट आपल्याला कळायला शंभरावर किलोमीटर यावं लागलं, याची त्यांना लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं. आपल्यासारख्या तिरसट माणसाला अशी बायको मिळाली, हे उपकार कोणाचे मानावेत ते त्यांना कळेना.

मग त्यांनी पिशवी सोडली. भाकरी खाल्ली, कांदा खाल्ला, सावकाश पाणी प्यायले. पाय जरा ताळ्यावर आले तसे ते सायकलवर बसले आणि स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागले. "हळू घ्या, चढ आला. त्या ट्रकच्या मांगं नका लागू. पाणी प्या." एक बैलगाडीवाला वळून वळून पाहत राहिला. मागे कोणीतरी बसलंय, तिला धक्का लागू द्यायचा नाही, अशा बेताने ते पॅडल मारत गेले. कोंढाळीला भीमाबाई नावाच्या बाईच्या हॉटेलात गुळाचा चहा घेतला. त्यांच्या चेहऱ्याची कळा पाहून भीमाबाईने न विचारता वर दोन केळी दिली आणि पैसे घेतले नाहीत. बाजारगावला सूर्य बुडायला आला. घाई करावी असं फार वाटलं, पण त्यांनी केली नाही.

धरमपेठेच्या चौकात ते पोचले तेव्हा अंधुक झालं होतं. सगळे येऊन चुकले होते, हेच तेवढे शेवटचे. पण पानठेल्यावरचा दिवा अजून लागला नव्हता. आनंदराव ठेल्यापाशी उभे राहून पानवाल्याला अडवून धरत होते.

"जरा दम धर गा, आमचा एक गडी येऊन राहिला. तो आला का लाव तुझा दिवा."

रुपराव उतरले तेव्हा त्यांचे गुडघे वाकेनात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोपिका यमुताईच्या ओट्यावरून उठून आली होती आणि गर्दीच्या मागे उभी होती. रुपराव लंगडत तिच्याकडे गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गोपिका, मी बरा झालो वं. खराखुरा बरा. तुह्यामुळं."

बाई दवाखान्यात रडली नव्हती. सुयांच्या दिवसांत रडली नव्हती. रामटेकहून येतानाही तिने डोळ्याला पदर लावला नव्हता. ती तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसली आणि हुंदके देऊन रडली.

"खरंच नं?" तिने विचारलं. "मंग आता मले दोन दिवस बीमार पडू द्या. लय थकली मी."

लोक हसले. ती हसली नाही.

आणि ती खरंच आजारी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या टपावर सायकल टाकून दोघं खापरखेड्याला आली आणि गोपिकेने अंथरूण धरलं. ताप असा फार नव्हता, पण ती झोपायची, उठायची, पुन्हा झोपायची. इतक्या दिवसांचं जागरण तिच्या अंगात साठलं होतं. रुपरावांनी रजा टाकली. गुडघे न वाकणारा हा माणूस चुलीपुढे पाय लांब करून बसला आणि त्याने खिचडी केली. ती खालून करपली होती आणि वरून कच्ची होती. गोपिकेने ती सगळी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी ती उठून केस बांधायला लागली. चुलीकडे जाणार, एवढ्यात रुपरावांनी तिचा हात धरून तिला पुन्हा खाटेवर बसवलं.

"अजून एक दिवस पड," ते म्हणाले. "घाई काय हाये? मी आहो नं."